संमतीचा बस्ता

१

सोमवारी सकाळी साडेदहाला हिवरमाळ नगरपरिषदेच्या कचेरीतलं घरकुलाचं कपाट सगळ्यांसमक्ष उघडलं गेलं. दोन्ही दारांवर मिळून चिकटवलेली कागदी पट्टी गोकुळ कारकुनानं ब्लेडनं मधोमध कापली, खिशातली किल्ली फिरवली आणि लाल कापडात बांधलेला कागदांचा बस्ता काढून टेबलावर ठेवला. कापड करकरीत होतं. गाठ एका फुलाची होती; नाडीचं एक टोक ओढल्याबरोबर सुटली. आत गायरानावरच्या कुटुंबांची संमतीपत्रं असायला हवी होती. निघाले ते नळजोडणीचे जुने कोरे अर्ज.

गोकुळनं पाच-पंचवीस कागद उलटले, मग सगळाच गठ्ठा उलटा केला. नंतर तो खुर्चीत न बसता तिथंच खाली, फरशीवर बसला.

हिवरमाळ म्हणजे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडं चार गावं जोडून सहा वर्षांपूर्वी झालेली नगरपरिषद. गावाबाहेरच्या गायरानावर दोनशे चाळीस कुटुंबं पत्र्याखाली राहत होती. कुणी मेंढरं घेऊन आली आणि इथंच थांबली, कुणी शेंद्र्याच्या कारखान्यांत रोजानं जाणारी. त्यांना पक्की घरं द्यायची हे सगळ्यांनाच मान्य होतं. भांडण होतं ते पैसा कसा उभा करायचा यावर. एका ठरावात नगरपरिषदेनं कर्ज काढायचं, सरकारी अनुदान घालायचं, कुटुंबांनी महिन्याचा हप्ता भरायचा, आणि गायरानाच्या अकरा एकरांत अंगण असलेली बैठी घरं बांधायची. दुसऱ्या ठरावात रस्त्याकडची सहा एकर एका बिल्डरला द्यायची आणि त्यानं बदल्यात मागं, नाल्याच्या कडेला, सात मजली इमारती उभ्या करून द्यायच्या. नगरसेवक आठ-आठ असे वाटले गेले होते. निकाल लागणार होता तो नगराध्यक्षा अंबिकाच्या मतावर, आणि ती स्वतः गायरानावरच्या मेंढपाळाची लेक. तिचं मत कुठं जाणार याविषयी कुणालाच शंका नव्हती.

फक्त कर्ज देणाऱ्यांची एक अट होती. एकशे साठ कुटुंबांची अंगठा किंवा सही केलेली मूळ संमतीपत्रं सभेच्या टेबलावर हवीत. झेरॉक्स चालणार नाही. सभा मंगळवारी अकराला. अनुदानाची मुदत बुधवारी संपत होती.

मुख्याधिकाऱ्यांनी आपल्या टेबलाच्या खणातून दुसऱ्या किल्लीचं लाखबंद पाकीट काढून दाखवलं. लाख शाबूत होती. मग सगळ्यांच्या नजरा फरशीवर बसलेल्या गोकुळकडं वळल्या. उपाध्यक्ष साहेबराव म्हणाले की पट्टी काय, वाफेवर धरली की सुटते आणि पुन्हा डकवता येते.

"पोलिसात आत्ता जाऊ नका," अंबिका मुख्याधिकाऱ्यांना म्हणाली. "पंचनाम्यातच उद्याची सभा जाईल." मग ती कोपऱ्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाकडं वळली. "मामा, तुमचं आयुष्य ठशांच्या खात्यात गेलं. सभेच्या आधी कागद नाय तर नाय, चोर तरी आणून द्या."

सूर्यभान तात्यांनी मान हलवली. लोक पांगले तसं त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि ते कापलेल्या पट्टीजवळ गेले. बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. मग त्यांनी भिंग पिशवीत ठेवलं.

पट्टीला कुणीही हात लावलेला नव्हता.

२

सूर्यभान तात्या मूळचे पिशोरकडच्या मेंढपाळाच्या घरातले. पोलिसांच्या बोटांच्या ठशांच्या विभागात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले आणि मुकुंदवाडीला स्टेशनजवळ दोन खोल्यांत एकटे राहत होते. अंबिकाची आई त्यांची मानलेली बहीण. दोन महिन्यांपूर्वी अंबिका त्यांच्या दारात आली आणि म्हणाली की लोकांचा तिच्यावर जीव आहे, पण कागदावर अंगठा द्यायला ते भितात. मामांनी समोर बसून घेतला तर देतील. तेव्हापासून तात्या रोज दुपारी बसनं हिवरमाळला जात. प्रत्येक घरात बसून तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवत. हप्ता किती, किती वर्षं, घर कुणाच्या नावावर, हे तीन-तीनदा सांगत. मगच शाईचं पॅड पुढं करत. असे एकशे एकाहत्तर कागद झाले होते. ते कागद चोरीला जाणं म्हणजे त्यांच्यासाठी निव्वळ कागद जाणं नव्हतं. त्या घरांत त्यांनी स्वतःचा शब्द ठेवला होता.

कचेरीच्या मागच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी शुक्रवारची दुपार डोक्यात पहिल्यापासून मांडली.

पाच वाजता शेवटची संमती द्यायला कस्तुराबाई आली होती. ऐंशी ओलांडलेली म्हातारी, अंगठ्याच्या रेषा कामानं इतक्या झिजलेल्या की ठसा तीनदा घ्यावा लागला. त्या खटपटीत तात्यांचाच अंगठा काळा झाला, आणि बस्ता बांधताना कापडाच्या वरच्या कोपऱ्यावर त्यांचा ठसा उमटला. आयुष्यभर दुसऱ्यांना असल्या चुकांवरून झापलेलं असल्यामुळं त्यांना स्वतःचंच हसू आलं होतं. नाडीला त्यांनी मुद्देमालाला मारतात तशी गाठीवर गाठ मारली. मग गोकुळ तो बस्ता घेऊन अंबिकाच्या दालनात गेला, कारण वरच्या टिपणीवर तिची सही हवी होती. तात्या हात धुवायला नळावर गेले.

साडेपाचला सगळे कपाटापाशी जमले. बस्ता आत गेला, कुलूप लागलं. तेवढ्यात साहेबराव अडून बसले. शनिवार-रविवार सुट्टी, दोन दिवसांत आणखी पन्नास अंगठे आत शिरले तर आम्ही कुठं बघायला येणार, दारावर सह्यांची पट्टी लावा, असा त्यांचा हट्ट. अंबिका चिडली. पट्टी कशाला, माणसावर भरवसा हाय का नाय, असं तिनं विचारलं. साहेबराव हटले नाहीत. शेवटी पट्टी डकवली गेली. त्यांनी सही केली, गोकुळनं केली. तात्यांनी सवयीनं सही न करता अंगठा लावला, आणि तोही पट्टीच्या काठावर. अर्धा ठसा कागदावर, अर्धा कपाटाच्या रंगावर.

तोच ठसा आज त्यांनी भिंगातून पाहिला होता. कागदावरून कपाटाच्या पत्र्यावर जाणारी एकेक रेषा त्यांनी मोजली. एकही तुटलेली नव्हती. काढून पुन्हा डकवलेला कागद केसभर तरी सरकतोच, आणि केसभर सरकला तरी रेषा रेषेला मिळत नाही. कितीही हुशार चोर असला तरी हे त्याच्या हातात नसतं.

मग त्यांनी बस्त्याचं कापड चारही कोपऱ्यांनी पाहिलं. त्यावर शाईचा कसलाच डाग नव्हता.

म्हणजे शुक्रवारी साडेपाचनंतर कपाट उघडलंच नव्हतं, आणि कपाटात गेलेला बस्ता त्यांनी बांधलेला नव्हता. सगळी कचेरी किल्ली कुणाकडं होती यावर डोकं फोडत होती. किल्लीचा या चोरीशी संबंधच नव्हता. चोरी झाली तेव्हा कपाट उघडंच होतं, आणि तात्या वीस पावलांवर नळाखाली हात चोळत होते.

३

गोकुळला त्यांनी रेकॉर्डच्या खोलीत बोलावलं. अडतीस वर्षांचा माणूस, अकरा वर्षं कंत्राटावर, दोन मुली शाळेत. त्यानं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. पोलिसात देणार असाल तर घरी आधी मला सांगू द्या, एवढंच तो म्हणाला. तात्यांनी त्याला शुक्रवारबद्दल विचारलं.

त्यानं सांगितलं की तो बस्ता घेऊन दालनात गेला तेव्हा ताईसाहेब आणि साहेबराव दोघंही आत होते. ताईसाहेबांनी टिपणी बघितली आणि गोल शिक्का आणायला सांगितलं. शिक्का आवक विभागात, तो विभाग बंद, मग मालनबाईला शोधून किल्ली घेतली. पाच-सात मिनिटं गेली असतील. परत आला तेव्हा साहेबराव वऱ्हांड्यात फोनवर होते, आत ताईसाहेब एकट्या. टिपणीवर सही झालेली, बस्ता जिथं ठेवला तिथंच. तो उचलून कपाटाकडं आला.

कापडावर शाईचा डाग होता का, असं तात्यांनी विचारलं. त्यानं पाहिलं नव्हतं. गाठ कशी होती, तेही पाहिलं नव्हतं.

तात्यांनी त्याच्यापुढं तेच कापड आणि नाडी टाकली आणि बांधायला सांगितलं. गोकुळनं दोनदा चुकत बुटाच्या लेससारखी दोन फुलांची गाठ मारली. तात्यांनी पुन्हा बांधायला लावलं. पुन्हा तीच. हातांना घाम असताना, डोकं ठिकाणावर नसताना माणूस आपल्या हाताची खरी गाठ मारतो.

सकाळची गाठ ही नव्हती. ती एकाच फुलाची होती, एक टोक ओढलं आणि सुटली होती. तशी गाठ तात्यांनी लहानपणी हजारदा मारली होती. वाड्यातल्या कोकरांना खुंट्याला तशीच बांधत, म्हणजे लांडगा आला की एकेका झटक्यात सगळी मोकळी करता येतात. शेती करणाऱ्यांच्या घरात ती कुणी मारत नाही. हे सकाळीच त्यांच्या ध्यानात आलं होतं. फक्त ते स्वतःशी म्हणायचं त्यांनी टाळलं होतं.

साहेबरावांना ते त्यांच्या घरी भेटले. जुन्या जमीनदार घरातला माणूस, रस्त्याला लागून स्वतःची दहा एकर. बिल्डरच्या ठरावात त्यांचा फायदा काय, हे गावात पोरंसुद्धा सांगत. त्यांनी चहा मागवला आणि काहीच लपवलं नाही. बिल्डर आपल्या ओळखीचा आहे, त्याच्या इमारती झाल्या की आपल्या जमिनीचाही भाव वाढतो, यात चोरून ठेवण्यासारखं काय, असं ते म्हणाले. बस्त्याबद्दल विचारलं तेव्हा गोकुळ बाहेर पडल्याबरोबर आपणही फोन घेऊन वऱ्हांड्यात आलो आणि तो परत येईपर्यंत तिथंच होतो, असं त्यांनी सांगितलं.

तात्यांना हा माणूस मुळीच आवडत नव्हता. चोर हाच निघाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिथून परतताना त्यांनी हिशेब लावला तो असा, की पट्टीचा हट्ट साहेबरावांनी धरला होता. बस्ता ज्यानं आधीच बदलला आहे, तो दारावर पट्टी कशाला लावून घेईल? पट्टी नसती तर चोरी शनिवारी झाली की रविवारी, किल्ली कुणी वापरली, याचा घोळ वर्षभर चालला असता. पट्टीमुळंच ती शुक्रवारच्या त्या पाच-सात मिनिटांत येऊन अडकली. चोराला पट्टी नको होती.

पट्टी नको म्हणणारं माणूस त्या दिवशी एकच होतं.

४

तरीही ते गायरानावर गेले. अजून एक नाव शिल्लक होतं आणि त्यांना ते हवं होतं.

खंडेराव हा संमती न देणाऱ्यांचा पुढारी. शेंद्र्याला एका कारखान्यात दिवसपाळीला जाई, घरी चाळीस मेंढरं. त्यानं तात्यांना तीनदा दारातून परत पाठवलं होतं. हप्ता चुकला तर घर कुणाचं, एवढाच त्याचा प्रश्न, आणि तात्यांनी दिलेलं उत्तर त्याला कधी पटलं नव्हतं. आता संध्याकाळी कामावरून येऊन तो पत्र्याखाली बसून पाय चोळत होता. तात्यांनी खिशातली नाडी काढून बाजेच्या पायाला ती गाठ मारून दाखवली आणि हिच्याबद्दल काय म्हणतोस, असं विचारलं.

खंडेरावनं गाठ बोटानं चाचपली.

"माझ्यावर आळ घ्यायला आलात व्हय?" तो म्हणाला. "शुक्रवारी साडेपाचला मी कंपनीच्या बसमधी होतो. चाळीस माणसं सांगतील. मला कागद चोरायचे असते, तर मी अंगठा द्यायला नाय कशाला म्हणलो असतो? उघड नाय म्हणणाऱ्याला चोरी करावी लागत नाय, तात्या."

तात्यांनी पुन्हा गाठीकडं बोट केलं.

"कचेरीत आपल्यातलं कोण बसतं, ते तुम्हाला ठाऊक हाय. माझ्या तोंडून कशाला वदवून घेता?"

त्यानं बाजेच्या पायाची गाठ एका झटक्यात सोडली आणि नाडी त्यांच्या हातात दिली.

परतताना रस्त्यात मालनबाई भेटली. नगरपरिषदेत शिपाई, तीही गायरानावरच राहणारी. नवरा गेल्यावर सासूला सांभाळत होती. तात्यांनी तिलाही शुक्रवारचं विचारलं. ती म्हणाली की तिला वऱ्हांडा पुसायचा होता आणि साहेबराव मधोमध उभे राहून फोनवर बोलत होते, हलायलाच तयार नाहीत; शिक्का घेऊन गोकुळभाऊ आले तरी ते तिथंच. ती बादली घेऊन वाट बघत उभी होती.

मग तात्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की बस्त्याचं लाल कापड स्टोअरमधून कोण काढून देतं.

"मीच की. गेल्या आठवड्यात दोन दिले. एक गोकुळभाऊला, आन् एक ताईसाहेबाला. घरी पोथी बांधायची म्हणल्या."

ती पुढं आणखी काही सांगत होती, पाण्याच्या टँकरबद्दल. तात्यांना त्यातलं काही ऐकू आलं नाही.

५

मंगळवारी सकाळी आठला ते अंबिकाच्या घरी पोचले. परसात पाण्याचा बंब पेटलेला होता. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, मुलाला दूध आणायला पिटाळलं. सभेसाठी तिनं जरा बरं लुगडं काढून ठेवलं होतं. लहानपणी ती तात्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेली होती. दहावीचा फॉर्म त्यांनी भरला होता. निवडणुकीत पहिला हार त्यांनी घातला होता.

तात्यांनी चहाला हात लावला नाही. पट्टीपासून सुरू केलं आणि एकेक गोष्ट क्रमानं सांगितली. ठशाच्या न तुटलेल्या रेषा, डाग नसलेलं कापड, गोकुळची गाठ, साहेबरावांचा हट्ट, मालनबाईची बादली, पोथीचं कापड. आवाज चढवला नाही. अंबिकानं मधे एकदाही नाही म्हटलं नाही. ते थांबले तेव्हा तिनं उठून दार लोटून घेतलं.

"कागद कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

तिनं परसाकडं मान केली. "तीन दिवस पाणी तापलं त्यावर."

तात्यांच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा कस्तुराबाईचा कागद आला, तीनदा अंगठा पुसून घेतलेला.

मग अंबिका बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलली. शुक्रवारच्या आठवडाभर आधी तिला वरून फोन आला होता, ज्यांनी तिकीट दिलं त्यांचा. बिल्डरचा ठराव झाला पाहिजे. नाही म्हटलं तर पुढचं तिकीट नाही, आणि नवऱ्याला शेंद्र्याला मिळालेलं गाड्यांचं कंत्राटही नाही. हात वर करावा तर गायरानावर तोंड दाखवता येत नाही. कागदच नसले, तर हात वर करताना रडता आलं असतं. ती हे असंच म्हणाली, रडता आलं असतं.

"आन् खरं सांगू का मामा, हप्ता भरणार होते का हे लोक? पहिलं वर्ष भरतील. मग कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं. चार वर्षांत बँकेचे लोक दारात. त्यापरीस फुकटात पक्कं घर मिळतंय, तर वाईट काय झालं? सात मजले का असंना."

"हे तू त्यांना सांगायचं होतंस. मी घरोघर हप्त्याचा आकडा वाचत फिरत होतो, तवा."

"ऐकलं नसतं त्यांनी."

"म्हणून जाळलंस."

तिनं लोटलेल्या दाराकडं एकदा बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाली की गोकुळचं आपण बघू. कंत्राटी माणूस आहे, आज काढतील, महिन्याभरात दुसरीकडं चिकटवून देते. केस होऊ देणार नाही.

"त्याच्या दोन पोरी शाळेत जातात. बाप चोर म्हणून?"

"मामा, तुम्ही बोललात तर मी पडेन. माझ्या खुर्चीत साहेबराव बसतील. ठराव त्यांचाच होईल. तुम्ही बोलून एकाला तरी घर मिळणार हाय का?"

ते रात्रभर हाच प्रश्न स्वतःला विचारत होते. त्यांनी चपला घातल्या. दारात तिनं पुन्हा वाकून नमस्कार केला आणि त्यांनी, सवयीनं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात का ठेवला, याची चीड त्यांना बसस्टॉपपर्यंत आणि नंतरही कितीतरी दिवस येत राहिली.

६

साडेदहाला त्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या हातात दोन पानी निवेदन दिलं; बस्ता कुणी आणि कसा बदलला ते त्यात क्रमानं लिहिलं होतं. खाली मागितलं होतं एवढंच, की गोकुळ निर्दोष आहे, सभा पुढं ढकलावी, अनुदानासाठी मुदतवाढ मागावी, आणि आपण पंधरा दिवसांत संमतीपत्रं पुन्हा गोळा करून देऊ. मुख्याधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि बघतो म्हणाले. मग ते साहेबरावांच्या दालनात गेले.

सभा अकराला सुरू झाली. गायरानावरची पन्नास-साठ माणसं मागच्या बाकांवर आणि खिडक्यांत होती. खंडेराव रजा टाकून आला होता. तात्या पहिल्या बाकावर बसले. प्रेक्षकाला सभेत बोलता येत नाही, हे त्यांना आधीच बजावण्यात आलं होतं.

संमतीपत्रं टेबलावर नसल्यामुळं कर्जाचा ठराव विचारात घेता येत नाही, असं मुख्याधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं. मागून कुणीतरी ओरडलं, त्याला बाहेर काढलं. मग बिल्डरचा ठराव मांडला गेला. आठ हात वर, आठ खाली. साहेबराव अंबिकाकडं पाहत होते. त्यांच्या पुढ्यातल्या फायलीखाली तात्यांच्या निवेदनाचा कोपरा दिसत होता. अंबिकानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि दुसरा हात वर केला.

ठराव मंजूर झाल्याची नोंद झाली, सचिवानं वेळ लिहिली. तेव्हाच साहेबराव उठले. त्यांनी फायलीखालून तात्यांचं निवेदन काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न गाळता, वाचलं. वाचताना त्यांचा आवाज गहिवरलासुद्धा. अशा नगराध्यक्षांच्या हाताखाली काम करणं आपल्याला शक्य नाही, असं ते म्हणाले. कर्जाच्या ठरावाच्या बाजूच्या आठांनीही माना खाली घातल्या. दुपारी दोनपर्यंत अंबिकाचा राजीनामा झाला होता आणि कारभार उपाध्यक्षांकडं गेला होता. मंजूर ठराव मात्र मंजूरच राहिला. तो आता कुणाच्या मतानं झाला याला कायद्यात काही अर्थ नव्हता.

मागच्या बाकांवरून माणसं उठून तात्यांच्या शेजारून गेली. काहींनी पाहिलं, काहींनी नाही. आपल्याच भाचीला वाचवायला म्हाताऱ्यानं आधी तोंड उघडलं नाही, ठराव होऊ दिला आणि मग कागद दिला, असं बाहेर कुणीतरी म्हणत होतं. खंडेरावनं त्याला गप्प केलं. पण तो स्वतःही तात्यांकडं आला नाही.

दुसऱ्या दिवशी, मुदत संपायच्या दिवशी, तात्या नवे कोरे अर्ज आणि पॅड घेऊन एकटेच गायरानावर गेले. मुदतवाढ मागायला निदान काही कागद हातात हवेत म्हणून. दुपारपर्यंत एकवीस घरं फिरले. लोकांनी पाणी दिलं, बसा म्हणाले. अंगठा एकानंही दिला नाही.

गोकुळवर गुन्हा दाखल झाला नाही. महिनाअखेर त्याचं कंत्राट संपलं आणि नवं निघालं नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. तो एकदा मुकुंदवाडीला येऊन तात्यांच्या पाया पडून गेला. चोर नाही असं लेखी मिळेल का, असं त्यानं विचारलं. तात्यांनी आपल्या निवेदनाची प्रत त्याला दिली. पोरींच्या शाळेत दाखवायला ती किती उपयोगी पडेल, हे दोघांनाही कळत होतं.

बस्त्याच्या चोरीबद्दल नगरपरिषदेनं तिघांची चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष साहेबराव. अंबिकाची साक्ष तिच्या प्रकृतीमुळं पुढं गेली, मग आणखी पुढं गेली. समितीकडून पहिली आणि एकमेव नोटीस निघाली ती सूर्यभान तात्यांना. नगरपरिषदेचे कर्मचारी नसताना आणि लेखी नेमणूक नसताना एकशे एकाहत्तर नागरिकांचे अंगठे कोणत्या अधिकारानं घेतले, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

नोटीस घेऊन मालनबाई आली होती. हिवरमाळहून बस बदलून, उन्हाची. तात्यांनी पोचपावतीवर सही केली. मग तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. तिनं पेला खाली ठेवला. सासू अजून सरकत सरकत अंगणापर्यंत येते, तिथं ऊन खाते, असं काहीतरी ती सांगत होती. इमारतीच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या. तिला सहावा मजला आला होता.

"तात्या, तुम्ही तो नकाशा वाचलाय ना. लिफ्ट हाय का त्यात?"

"हाय."

तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. पदरानं तोंड पुसून ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"मग तिच्या लायटीचं बिल कुणी भरायचं?"

करारातलं ते कलम तात्यांना पाठ होतं. ते रहिवाशांनी भरायचं होतं, आणि पाणी वर चढवण्याचंही, आणि पहारेकऱ्याचंही. तिन्ही मिळून महिन्याचा आकडा कर्जाच्या हप्त्याच्या अर्ध्याहून जास्त जात होता, कायमचा, आणि खाली अंगण नव्हतं.

त्यांनी तिला तो आकडा सांगितला. मालनबाईनं मनाशी एकदा म्हणून पाहिला, पोचपावती घडी करून कमरेला खोचली, आणि साडेचारची बस चुकू नये म्हणून घाईनं निघून गेली.